विसरलेल्या माणसाशी कसे बोलावे?



आपल्या बिबवेवाडीतल्या पुष्कळ कुटुंबांची मुळे शहरातल्या पेठांत आहेत. आमचेही तसेच. वाडा सुटला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आल्या. पुढे आईला अल्झायमरचा विकार जडला आणि रोज दिवेलागणीला ती पिशवी घेऊन दाराशी उभी राहू लागली. "मला घरी जायचंय," म्हणे. "आई, हेच आपलं घर," असे मी बजावीत असे.

दुसरा प्रश्न त्याहून कठीण. "हे अजून आले नाहीत का रे?" मी सत्यनिष्ठेच्या आवेशात सांगे, "आई, बाबांना जाऊन ९ वर्षं झाली." ती ढसढसा रडे. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. मला ती जुनी गोष्ट होती. तिला मात्र ती बातमी दर वेळी नवीच होती. माझ्या खरेपणापायी तिला किती वेळा वैधव्य आले, याचा हिशेब मी मांडू धजत नाही.

असे का होते? आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली या विकाराचे पहिले वर्णन केले. मेंदूचा जो भाग नव्या आठवणी नोंदवितो, त्यावर बहुधा आधी घाला पडतो. म्हणून सकाळचे जेवण विसरते, पण माहेरचे अंगण पुष्कळ दिवस टिकते. शिवाय, प्रसंग विसरला तरी त्याने उठलेली भावना मागे रेंगाळते. आपले शब्द पुसले जातात. आपण रागावलो होतो, एवढे उरते.

तेव्हा उत्तर द्यावयाचे ते शब्दांना नव्हे, भावनेला. एके दिवशी मी म्हटले, "वाट पाहतेस होय त्यांची? त्यांना चहा कसा लागायचा ग?" आई आल्याच्या चहाच्या गोष्टीत रमली. हे खोटे बोलणे नव्हे काय, असे कोणी विचारील. मी 'ते येतील' असे म्हटले नाही. तिचे वाट पाहणे तेवढे खरे मानले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा 'अस्तु' हा चित्रपट आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगविलेले संस्कृत पंडित स्मृती हरवून एका हत्तीमागे निघून जातात. माहुताच्या बायकोला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही. तिची भाषाही कानडी. तरी ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. ओळख पटविण्याची अट ती घालीत नाही.

आपण मात्र खोलीत शिरताच परीक्षा घेतो : "ओळखलंत का मला?" त्याऐवजी समोर बसावे, आपले नाव आपणच सांगावे. एका वेळी एकच गोष्ट बोलावी. "काय जेवणार?" असे न विचारता "भात की पोळी?" असे विचारावे, आणि उत्तराला भरपूर अवधी द्यावा. शब्द सुचेनात, तर हात हातात घ्यावा. आणि गोंधळ एकाएकी वाढला, तर तो वयाचा दोष न मानता डॉक्टरांना दाखवावे. कधी साधा जंतुसंसर्गही त्याचे कारण असतो.

शेवटी शेवटी आई मला 'दादा' म्हणे; दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पहिल्यांदा वाईट वाटले. मग ध्यानात आले, की तिला ज्याच्याजवळ निर्धास्त वाटे, त्याचेच नाव तिने मला दिले होते. मी 'ओ' दिली.