आधी ओळख, मग निवाडा



नागपूरच्या जरीपटक्यातून समुद्र गाठायचा तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवून आणखी पुढे जावं लागतं. तरीही नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी हौसेनं सांभाळणारे लोक आहेत. आरओचं पाणी घ्यायचं, दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार होतील इतकं सागरी मीठ त्यात विरघळवायचं, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी टाकीतलं पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं. एवढी मेहनत बहुतेक जण रंगीत माशांसाठी घेतात. आज मात्र मला बोलायचं आहे ते त्या टाकीतल्या दगडाबद्दल, आणि दगडासोबत घरात येणाऱ्या जिवांबद्दल.

या दगडाला हौशी लोक ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. तो असतो मेलेल्या प्रवाळाचा चुनखडी सांगाडा, आरपार छिद्रं असलेला. पण त्याच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांमध्ये जीवसृष्टी नांदत असते. माशांच्या उत्सर्जनातून निघणारा विषारी अमोनिया वरच्या थरातले जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर सोडतात. टाकीचं पाणी शुद्ध राखण्याचं मोठं काम असं हा दगडच करतो.

याच छिद्रांमध्ये किडे, खेकडे, गोगलगायी, कोळंबीसारखे जीव लपून येतात. आठ-पंधरा दिवसांनी, रात्री दिवा मालवल्यावर, काचेजवळ काहीतरी वळवळताना दिसतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हे काय आहे? काढून टाका आधी.’ माझं सांगणं एवढंच, की काढून टाकण्याआधी ते काय आहे ते ओळखा. त्यातले बहुतेक जीव टाकीच्या कामाचे असतात. थोडे त्रासदायक असतात. आणि एखादा असा असतो, की त्याला ओळखलं नाही तर धोका माशांना नव्हे, माणसांना असतो.

ओळखीची सुरुवात दगड मुख्य टाकीत जाण्यापूर्वी करावी. वेगळ्या टबात खारं पाणी, एक पंप, एक हीटर, आणि त्यात काही आठवडे तो दगड. प्रवासात मेलेले स्पंज वगैरे सडून जातात, अमोनिया चढतो आणि उतरतो. या काळात रात्री टॉर्चवर लाल कागद लावून बघावं. पुष्कळ निशाचर सागरी जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळून जात नाहीत. दिसलं ते वहीत लिहावं : रंग काय, पाय किती, कुठल्या छिद्रातून आला, काय खात होता. रंगरूपापेक्षा तो काय खातो यावरून अधिक कळतं.

सर्वांत जास्त मरतो तो बिचारा ब्रिसल वर्म. गुलाबी-तपकिरी, अनेक खंडांचा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला किडा. दिसायला भीतिदायक, पण बहुतेक जातींचं काम म्हणजे उरलेलं अन्न आणि मेलेलं मांस खाऊन टाकी स्वच्छ ठेवणं. ते फार वाढले तर समजावं, आपणच माशांना जास्त खायला घालतो आहोत. मात्र उघड्या हातानं त्यांना धरू नये. ते केस कातडीत मोडून राहतात आणि आग होते. असं झालंच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ते उपटून काढायचे.

याच किड्याच्या दूरच्या नात्यातला युनिस वेगळा. अंगावर इंद्रधनुषी चमक, डोक्यावर पाच स्पर्शिका, मजबूत जबडे. इंग्लंडमधल्या न्यूके इथल्या मत्स्यालयात प्रवाळ कुरतडलेलं दिसायचं, मासे जखमी व्हायचे आणि कारण सापडत नव्हतं. २००९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी टाकीतली सगळी रचना उलगडली, तेव्हा खडकातून सुमारे चार फूट लांबीचा असा किडा निघाला. म्हणून डोक्यावरच्या स्पर्शिका मोजायच्या, मगच निर्णय घ्यायचा.

रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला, तर दोन शक्यता असतात. एक पिस्टल श्रिंप : हिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ती बहुधा निरुपद्रवी, आणि तिच्या काही जाती गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात. दुसरी मँटिस श्रिंप : देठावरचे, वेगवेगळे फिरणारे डोळे आणि छातीखाली दुमडलेले पुढचे पाय. या गटातल्या एका जातीचा प्रहार सेकंदाला २३ मीटर वेगानं होतो असं मोजलं गेलं आहे. खेकडे आणि गोगलगायी तिच्यासमोर टिकत नाहीत. तिला मारायची गरज नाही. तिच्यासाठी वेगळी टाकी करावी, तिथे ती छान जगते.

आयप्टेशिया हे छोटं समुद्रफूल. पारदर्शक, तपकिरी, लांब बारीक स्पर्शिकांचं, हात लावताच छिद्रात शिरणारं. याला चिरडलं की तुटलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुलं उगवतात. म्हणून शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा दाट लेप पिचकारीनं त्याच्या तोंडावर सोडतात. किंवा पेपरमिंट श्रिंप ठेवतात. बर्गिया नावाची सागरी गोगलगाय तर फक्त आयप्टेशियावरच जगते.

आता सर्वांत महत्त्वाचं. दगडावर बटणांसारखे, चपट्या तबकडीचे, कडेला आखूड झालर असलेले जीव एकमेकांना चिकटून पसरलेले दिसले, तर ते झोअँथिड असू शकतात. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हे विष १९७१ मध्ये हवाईमधल्या अशाच जिवातून वेगळं करण्यात आलं. उकळत्या पाण्यानं ते नाहीसं होईल अशा समजुतीनं दगड उकळला, तर ते वाफेबरोबर हवेत येतं आणि श्वासातून घरभर पोहोचतं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधलं एक कुटुंब टाकीतलं प्रवाळ साफ केल्यानंतर रुग्णालयात दाखल झालं होतं. म्हणून दगड कधीही उकळू नका, सुका खरवडू नका. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, आणि हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा.

आणि मित्रही ओळखा. पाठीवर आठ कवचपट्ट्या असलेला कायटन शेवाळ खातो. छिद्रातून नुसते बारीक हात बाहेर काढणारा छोटा ब्रिटल स्टार उरलंसुरलं वेचतो. कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड हे माशांचं जिवंत खाद्य. गुलाबी-जांभळ्या चुनखडी शेवाळाचा थर दिसू लागला, तर पाणी ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

ही ओळख मला महत्त्वाची वाटते, त्याचं कारण टाकीपुरतं नाही. हा दगड म्हणजे प्रवाळाचाच सांगाडा, आणि आपल्या देशात २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. आपल्या समुद्रातून ते तोडून आणणं गुन्हा आहे. कठीण प्रवाळाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराखालच्या परवानगीनंच होतो. म्हणून दगड घेताना कागदपत्रं मागा, आणि ती मिळाली नाहीत तर घेऊ नका. कोरडा किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड घेऊन त्यात जिवाणू वाढवता येतात. अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या संघीय समुद्रातून नैसर्गिक खडक उचलणं १९९७ पर्यंत थांबवलं गेलं. त्यानंतर तिथे खाणीतला चुनखडक समुद्रतळाशी ठेवून त्यावर जीव वाढवण्याचा व्यवसाय चालतो.

आपल्या प्रवाळासाठी मालवणजवळ १९८७ पासून २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामावेळी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळाच्या वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्याच मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम ओहोटीला लोकांना खडकांवर घेऊन जातो. झोअँथिड, समुद्रफुलं, खेकडे हे सगळे तिथे आपल्या जागी भेटतात.

श्रोतेहो, तुम्हीही कोकणात जाल तेव्हा अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी गाठा आणि खडकांपाशी थोडा वेळ थांबा. जे दिसेल ते नीट पाहा, हवं तर फोटो काढा. सोबत काही आणू नका. आणि एखादा दगड उलटवून पाहिलाच, तर त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतील हे लक्षात ठेवून तो पुन्हा होता तसा ठेवा.