जीवनातील निर्मळ आनंद
(ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो ऐकून आपणांपैकी काहींस थोडे नवल वाटेल. देवळाच्या उत्सवात प्रार्थनेविषयी बोलावे, पश्चात्तापाविषयी बोलावे, हे उचितच होय. परंतु जगण्यात आपणांस गोडी कशाने वाटते, हा विषय कित्येकांस निव्वळ ऐहिक वाटण्याचा संभव आहे. माझे नम्र मत तसे नाही. प्रभू येशूने आपला पहिला चमत्कार केला तो एका लग्नघरी, काना गावी. तेथे कोणी आजारी नव्हता, कोणी मरणास टेकला नव्हता. केवळ द्राक्षारस सरला होता आणि यजमानाची लाज जाण्याची वेळ आली होती. सहा दगडी रांजण काठोकाठ भरावयास सांगून प्रभूने त्या घरचा आनंद राखला. उपदेशक ग्रंथाच्या कर्त्याने जगातील सर्व वैभवास व्यर्थ म्हटले खरे. तथापि मनुष्याने खावे, प्यावे आणि आपल्या श्रमांत सुख मानावे, ही देवाची देणगी होय, असे तोही सांगतो. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या पवित्र वर्षी ख्रिस्ती आनंदावर एक स्वतंत्र पत्र लिहिले व त्यात निसर्गाची शांती, मन लावून केलेले काम, सेवा, आपले दुसऱ्यास वाटून देणे, अशा साध्या मानवी आनंदांची आदराने गणना केली. तेव्हा अशा थोरांच्या मागोमाग मीही माझ्या आवडीचे चार आनंद आपणांपुढे मांडतो.

पहिला आनंद ऋतूंचा. आपले भिवंडी हे यंत्रमागांचे व गोदामांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. महामार्गाच्या दोहों बाजूंस गोदामांनी पुष्कळ शेतजमीन व्यापली, हेही खरे. तरीपण तालुक्यात अजून भात पिकतो. उन्हाळ्यात राब भाजल्याचा तो धुरकट वास, मृगाची पहिली सर, मग रोपांचा तो कोवळा पोपटी रंग, आणि लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायामाणसांच्या रांगा, हे सर्व पाहावयास तिकीट लागत नाही. कामवारी नदीस पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे, किंवा सायंकाळी वऱ्हाळादेवीच्या तलावावर वारा सुटला म्हणजे, मनावरील ओझे आपोआप हलके होते. असीसीच्या संत फ्रान्सिसने सूर्य, चंद्र, वारा व पाणी यांस भाऊबहीण मानून देवाची जी स्तुती रचली, ती १२२५ च्या सुमारास, दुखण्याने जर्जर व जवळजवळ अंध झालेल्या अवस्थेत रचली. ज्यास सूर्य दिसत नव्हता त्याने सूर्यासाठी आभार मानले. आपणांस डोळे असून आपण वर पाहत नाही, याचा विचार व्हावा.

दुसरा आनंद अन्नाचा. पंचपक्वान्नांविषयी मी बोलत नाही. तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचे कालवण, आणि पावसात जेव्हा मासळी दुर्मिळ होते तेव्हा सुकटाची चटणी, एवढ्यात माझे समाधान आहे. वसईकडचा कोणी सोयरा सुकेळी घेऊन आला, तर घरातील मुलेच काय, म्हातारी माणसेही त्याच्या पिशवीकडे पाहू लागतात! येथे पवित्र सभेचे शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. तिने आपणांस सणही दिले आणि उपवासही दिले. चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर पास्काच्या दिवशी जे जेवण गोड लागते, ते रोज मेजवानी झोडणाऱ्यास कधीही लागावयाचे नाही. संयम हा आनंदाचा वैरी नसून त्याचा राखणदार आहे.

तिसरा आनंद आपल्या भाषेत देवाशी बोलण्याचा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोमंतकात आले, आपली भाषा शिकले आणि तिच्यावर त्यांनी असे प्रेम केले की, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापून निघाले. पुराणे ऐकण्याची ज्यांस सवय होती, त्या नवख्रिस्ती लोकांस ऐकावयास आपले असे पुराण नव्हते. ती उणीव या परदेशी माणसाने भरून काढली, आणि पुढे रविवारी व सणांच्या दिवशी देवळांत त्याचे वाचन होत असे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लोकभाषेस मोकळी वाट मिळाली. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली त्याच भाषेत वेदीपुढे गावयास मिळावे, हे सुख लहान नव्हे. मुलांस मराठी गायने शिकविण्याचा ज्यांस कंटाळा येतो, त्यांनी हे आठवावे.

चौथा आनंद शेजाराचा. आणि याविषयी भिवंडीकरांस अधिक सांगावयास नको. १९७० आणि १९८४ या दोन वर्षी मे महिन्यात या शहराने जे दंगे पाहिले, त्यांची आठवण वडील मंडळींस अद्यापि अस्वस्थ करते. शेजार तुटला म्हणजे काय होते, ते आपण शिकलो. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत मोठमोठे पुढारी नव्हते. गल्लीतील साधी हिंदू-मुसलमान माणसे एकत्र बसत, एकमेकांस नावाने ओळखू लागत, किरकोळ तंटे तेथल्या तेथे मिटवीत. १९९२-९३ साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा घेणे, यास आपण वेळेचा अपव्यय म्हणतो. परंतु त्याच बैठकीने या शहरात माणसांचे प्राण वाचविले आहेत.

आता बंधुभगिनींनो, या चारही आनंदांस पैसा फारसा लागत नाही. मात्र एक वस्तू लागते, आणि ती आपल्या गावी सर्वांत महाग आहे. ती वस्तू म्हणजे विसावा. मागावरच्या मनुष्याची पाळी बारा तासांची; एक आठवडा दिवसाची, तर दुसरा रात्रीची. जितके कापड विणावे तितकी मजुरी. म्हणजे विश्रांतीचा दिवस तो उपासाचा दिवस. अशा मनुष्यास आपण कामवारीचे पाणी पाहा, मुलांस गायने शिकवा, असे सांगू लागलो, तर तो आपणांस हसेल, आणि त्याचे हसणे योग्यच होईल.

हे दुःख नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारांस आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. श्री. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कित्येक वर्षे सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या मे महिन्यात, पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या स्थितीवर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले व प्रभूच्या दिवशी विश्रांती मिळणे हा श्रमिकाचा हक्क होय, असे जगास बजावले. एक परळच्या चाळींतून बोलत होता, एक रोमहून. दोघांस एकमेकांची वार्ताही नसावी. परंतु मनुष्य हा यंत्राचा सुटा भाग नव्हे, हे दोघांनीही ओळखले होते.

आणि ज्युबिली म्हणजे तरी काय? हा शब्द मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीवरून आला आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाने आज्ञा केली की, पन्नासाव्या वर्षी ती तुतारी देशभर वाजवावी; जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यावा; ज्याचे वतन गेले त्यास ते परत मिळावे; जो गुलामीत पडला तो आपल्या घरी जावा. रोषणाई, पताका आणि ही स्मरणिका, हा सर्व ज्युबिलीचा साज होय. तिचा प्राण विसावा हाच आहे.

म्हणून माझी आपणांस चार मागणी आहेत. आपणांपैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी या वर्षापासून त्यांस आठवड्यातून एक दिवस भरपगारी सोडावे. ज्यांच्या घरी मोलकरीण येते, त्यांनी तिचाही रविवार राखावा. मिस्सा संपताच घराकडे धाव न घेता पाव तास देवळाच्या आवारात थांबावे व ज्याचे नाव ठाऊक नाही अशा एकास तरी नाव विचारावे. आणि उत्तरेकडून वा तेलंगणातून पोटासाठी आलेला, घरदार दूर ठेवून मागावर उभा राहणारा जो भाऊ आपल्या आळीत राहतो, त्यास, त्याचा धर्म न विचारता, नाताळच्या दिवशी आपल्या पंक्तीस बोलवावे.

ज्या आनंदासाठी दुसऱ्याचा विसावा मोडावा लागतो, तो निर्मळ नव्हे. आणि जो आनंद वाटल्याने वाढतो, तो खास देवाघरचा समजावा. कानाच्या लग्नघरी पवित्र मरीयेने दुसऱ्याच्या घरातील उणीव सर्वांआधी ओळखली. तिची ती दृष्टी आपणां सर्वांस लाभो, आणि या धर्मग्रामातील एकही रांजण रिता न राहो, अशी प्रभुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.