कागद कमी, हेलपाटे कमी



हदगाव तालुक्यातल्या तामशाचा किंवा निवघ्याचा शेतकरी तहसील कचेरीला निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत काय काय असतं? सातबारा, आठ-अ, आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. आणि या प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. एक जरी कागद कमी पडला तरी उत्तर ठरलेलं: “उद्या या.” मग पुन्हा बसचं भाडं आणि पुन्हा बुडालेली मजुरी.

कचेरीतला कागद वाचवा म्हटलं की आपण झाडांची आठवण काढतो. ती योग्यच आहे. पण खेड्यातल्या माणसाला कागद महाग पडतो तो हेलपाट्यांमुळे. म्हणून कचेरीनं आधी स्वतःला विचारावं, की आपण हा कागद मागतो कशाला?

साधा हिशेब करून पाहू. समजा, एका योजनेला दहा हजार अर्ज आले आणि प्रत्येकाला पाच झेरॉक्स जोडल्या. झाले 50 हजार कागद, म्हणजे शंभर रिमं! त्यातला सातबारा तर सरकारच्याच दप्तरातला. आपल्याच घरातली वस्तू शेजाऱ्याकडून मागून आणावी, तशातला हा प्रकार.

यावर उपाय झाले आहेत. 2015 साली राज्य शासनानं ठरवलं, की कायद्यानंच प्रतिज्ञापत्र सांगितलेलं नसेल तिथे साध्या कागदावरचं स्वघोषणापत्र पुरे. झेरॉक्सवर अधिकाऱ्याचं साक्षांकन नको, अर्जदाराची स्वतःची सही चालेल. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. अधिकाऱ्याला शंका आली, तर तो आपल्या टेबलावरच संगणकात पडताळून पाहू शकतो.

तरी कागद कमी का होत नाही? कारण पुष्कळ ठिकाणी “ऑनलाइन भरा, आणि त्याची प्रिंटही आणून द्या” असं चालतं. म्हणजे यंत्र आलं, पण कागदी घोडे नाचायचे थांबले नाहीत!

शिक्षक बंधुभगिनींना हे निराळं सांगायला नको. 2015 साली ‘सरल’वर विद्यार्थ्यांची माहिती भरायला सुरुवात झाली. तीच पटसंख्या पुन्हा तीन तक्त्यांत लिहून मागितली, तर कागदही जातो आणि मुलांचा तासही जातो. अशा वेळी मुख्याध्यापकांनी नम्रपणे, पण लेखी विचारावं, “ही माहिती आपल्याकडे आहेच, पुन्हा कशासाठी हवी?” हा एक कागद खर्चला तर पुढचे शंभर वाचतील.

मात्र एक सावधगिरी हवी. कागद कमी करणं म्हणजे जुनं दप्तर रद्दीत घालणं नव्हे. आपला मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या उर्दू आणि मोडी नोंदी आजही लोकांच्या कामी येतात. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या, त्या अशाच जुन्या दप्तरांतून. शाळेचं जनरल रजिस्टरही त्याच तोलाचं. त्यातली जन्मतारीख माणसाला जन्मभर लागते. तिथे काटकसर नको. त्याला वाळवी आणि ओल यांपासून जपा.

कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे ती याचसाठी. चालू प्रकरणं एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, अशी वाटणी होते. शेवटच्या गठ्ठ्यात नाश करायचे कागद. ‘अ’ वर्गाचं दप्तर कायम ठेवायचं, ‘ड’ वर्गाचं वर्षानंतर काढून टाकायचं. काय ठेवायचं हे ज्याला कळतं, त्यालाच काय टाकायचं हेही कळतं.

आता तुम्ही-आम्ही काय करावं? टिपणं पाठपोट लिहावीत. पाचशे कागदांचं काम अडीचशेत होतं. अर्जासोबत यादीत मागितलेलेच कागद जोडावेत. जास्तीचा कागद कुणी मागितला, तर “हा कोणत्या नियमानं लागतो?” असं विचारावं आणि अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी. ग्रामसभेत ठराव करून गावाला लागणाऱ्या दाखल्यांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावून घ्यावी. शाळेतल्या मुलांनीही ती घरी वाचून दाखवावी. कोणता कागद लागतो आणि कोणता लागत नाही, हे गावाला ठाऊक असलं म्हणजे निम्मे हेलपाटे आपोआप वाचतील.