शिक्षकाचे मेज



शाळा तपासावयास आलेला अधिकारी भिंती, अंगण व फळा न्याहाळतो. शिक्षकाच्या मेजाशी त्याचा संबंध हजेरीपटापुरताच येतो. वास्तविक खेड्यातील अनेक शाळांत ते मेज हेच शाळेचे कार्यालय होय. त्यावर दाखले लिहिले जातात, वह्यांचे ढीग पडतात, पालकांच्या सह्या व अंगठे घेतले जातात आणि मधल्या सुट्टीत तेथेच डबाही उघडला जातो.

हातांवाटे रोग पसरतो, ही गोष्ट आज पोराटोरांनाही ठाऊक आहे. परंतु ती पटवून देताना एका वैद्याला फार सोसावे लागले. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानी आले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळेच बाळंतिणींना ज्वर होतो. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्यांनी घातला. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांतच २ च्या आसपास उतरले. तरीही पुष्कळ डॉक्टर रुष्ट झाले. आपले सुशिक्षित हात अस्वच्छ असू शकतात, हे त्यांना मानवेना. शिकलेल्या माणसाचा हा दोष अद्याप पुरता गेलेला नाही.

वह्या तपासताना पान उलटण्यासाठी बोट जिभेला लावणारे गुरुजी आजही आढळतात. बोट वहीवरून जिभेवर जाते आणि जिभेवरून पुढच्या मुलाच्या वहीवर. चाळीस वह्या संपेपर्यंत चाळीस घरांची देवघेव होऊन जाते! ओल्या स्पंजाची डबी जवळ ठेवल्यास ही सवय मोडते. मात्र स्पंज रोज धुऊन वाळवावा लागतो, नाहीतर ती डबीच जंतूंचे माहेरघर बनते.

मेज पुसताना मधला भाग लखलखीत करण्याकडे ओढा असतो. खरा स्पर्श होतो तो खणाच्या मुठीला, कपाटाच्या कडीला, सर्वांनी वापरावयाच्या पेनाला, शिक्क्याच्या दांड्याला आणि मोबाईलला. प्रथम साबणाच्या पाण्याने मळ काढावा, मगच जंतुनाशक लावावे. मळाच्या थरावर त्याचा जोर चालत नाही. बाटलीवर सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हे काम मुलींवर, किंवा त्याहून वाईट म्हणजे ठराविक घरांतल्या मुलांवर टाकण्याची रीत कोठे असेल, तर ती बंद व्हावयास हवी. गाडगे महाराज गावात शिरताच स्वतः झाडू हाती घेत, मग रात्री कीर्तनास उभे राहत. शाळा सुटल्यावर शिक्षकाने स्वतः मेज पुसावे, हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवावे आणि फडके पिळून उन्हात दोरीवर टाकावे.