मैफलींतील छायाचित्रकार

गाणें हा कानांचा विषय. तरीहि मोठ्या गवयाचें नांव निघालें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें प्रथम त्याची मूर्तीच उभी राहते. भीमसेन जोशी म्हटले कीं मिटलेले डोळे आणि वर झेपावलेला हात आठवतो. ज्यांनीं त्यांचें गाणें समोर बसून कधींच ऐकलें नाहीं, अशा तरुणांनाहि ही मूर्ति ठाऊक असते. ती त्यांच्यापर्यंत आणून पोंचविली कोणीं? रंगमंचाच्या कडेला, अंधारांत, गुडघे टेंकून बसलेल्या छायाचित्रकारानें. त्याचें काम कसें चालतें आणि त्या कामाचें त्याच्या पदरीं काय पडतें, याचा रसिकांनीं थोडा विचार करावा, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

या कामांतील पहिली अडचण उजेडाची. श्रोत्याला रंगमंच लख्ख उजळलेला दिसतो, कारण मनुष्याचा डोळा अंधाराला सरावतो. कॅमेऱ्याला उजेड मोजून द्यावा लागतो, आणि तो देण्याचे मार्ग तीनच आहेत. भिंगाचें छिद्र मोठें करावें, पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा, किंवा फिल्मची अथवा तिच्या जागीं आलेल्या विद्युत्-पटलाची संवेदनक्षमता वाढवावी. प्रत्येक मार्गाला आपापला दंड आहे. छिद्र मोठें केलें, तर गवयाचा डोळा स्पष्ट येतो पण मागील तंबोरेवाल्याचा चेहरा पुसट होतो. पडदा अधिक वेळ उघडा ठेवला, तर हललेल्या हाताचा नुसता फराटा उमटतो. संवेदनक्षमता वाढविली, तर चित्रावर वाळू पसरल्यासारखे कण दिसूं लागतात. विलंबित ख्यालांत सेकंदाचा १/१२५ भाग बहुधा पुरतो. परंतु द्रुत लयींतील तबलजीचीं बोटें स्पष्ट हवीं असतील, तर १/५०० भागहि अपुरा पडतो. तितक्या अवधींत पहिल्याच्या चौथाई उजेड आंत येतो.

१९५४ सालीं कोडॅक कंपनीनें लहान कॅमेऱ्यासाठीं ट्राय-एक्स ही जलद फिल्म आणली. पुढें तिची संवेदनक्षमता ४०० मानली गेली, आणि जगांतील अनेक मैफली तिच्यावर टिपल्या गेल्या. एका गुंडाळींत चित्रें छत्तीस. तीं कशीं आलीं, हें फिल्म धुतल्यावांचून कळत नसे. आजचे डिजिटल कॅमेरे ३२०० किंवा ६४०० पर्यंत सहज जातात, आणि चित्र त्याच क्षणीं पाहावयास मिळतें. तथापि कोणता क्षण घ्यावा, हें ठरविण्याचें ओझें छायाचित्रकाराच्याच माथ्यावर राहिलें आहे.

कोणी विचारील, मग सरळ दिव्याचा झोतच कां टाकूं नये? एके काळीं तसें करीतच. अमेरिकेंतील विल्यम गॉटलिब हे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्रांत जॅझ संगीतावर लिहीत असत. पत्राकडून छायाचित्रकार मिळेना, म्हणून त्यांनीं स्वतःच कॅमेरा हातीं घेतला. १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत त्यांनीं काढलेलीं चित्रें हा आज त्या संगीताच्या इतिहासाचा ठेवा ठरला आहे. त्या काळचा झोताचा दिवा एकदांच पेटे आणि निकामी होई. फिल्म महाग, दिवा महाग. त्यामुळें एका रात्रींत मोजकींच चित्रें घ्यावयाचीं, आणि ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याचें संगीत आधीं मन लावून ऐकावयाचें, असा त्यांचा शिरस्ता होता. बिली हॉलिडे या गायिकेचें त्यांनीं टिपलेलें, ऐन गातांनाचें चित्र पाहिलें, म्हणजे त्या ऐकण्याचें फळ दिसून येतें. आजच्या मैफलींत मात्र झोत वर्ज्य आहे. त्यानें कलावंत दचकतो, श्रोत्यांचे डोळे दिपतात, आणि रंगमंचावर मोठ्या कौशल्यानें केलेली छायाप्रकाशाची योजना एका क्षणांत सपाट होऊन जाते.

उजेडाइतकीच अडचण आवाजाची. आलापी मंद्र सप्तकांत चालली आहे, मंडपांत टांचणी पडली तरी ऐकूं यावी अशी शांतता आहे, आणि अशा वेळीं कॅमेऱ्यांतील आरसा खट्कन् उचलला जातो. ज्याला गाणें कळतें, तो छायाचित्रकार येथें थांबतो. तबला सुरू होईपर्यंत वाट पाहतो, सम कोठें येणार तें मनांत मोजतो, तिहाई सुरू झाली कीं श्वास रोखतो, आणि समेवर श्रोत्यांची दाद उठते तिच्या आड कळ दाबतो. गवयाचा हात केव्हां वर जाईल, सारंगिया केव्हां मान वळवून पाहील, हें तालाचें ज्ञान असल्यावांचून आधीं सांगतां येत नाहीं. अलीकडे आरशाशिवायचे निःशब्द कॅमेरे आले आहेत. परंतु त्यांचें विद्युत्-पटल चित्र एका झटक्यांत न घेतां ओळीओळीनें वाचतें. आणि रंगमंचावरील नव्या एल.ई.डी. दिव्यांपैकीं पुष्कळांची ज्योत, डोळ्यांना न कळेल इतक्या वेगानें, कमीजास्त होत असते. त्यामुळें चेहऱ्यावर काळे पट्टे उमटतात. एक अडचण दूर होते तों दुसरी उभी राहते.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांत या सर्व गोष्टी एके ठिकाणीं पाहावयास मिळतात. सवाई गंधर्व १९५२ सालीं निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनीं १९५३ पासून हा उत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चाले आणि त्याची अखेर पहांटेच्या रागांनीं होई. ध्वनिप्रदूषणासंबंधींचे नियम २००० सालीं आले, रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन पडलें, आणि सत्रें दुपारकडे सरकलीं. श्रोत्यांच्या दृष्टीनें वेळ बदलली. छायाचित्रकाराच्या दृष्टीनें उजेडच बदलला. कनातींतून झिरपणारें निळसर ऊन आणि रंगमंचावरील पिंवळे दिवे एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंवर पडूं लागले. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनीं या महोत्सवांतील कलावंतांचीं चित्रें वर्षानुवर्षें टिपलीं आणि त्यांतून विषयवार दिनदर्शिका सिद्ध केल्या. त्यामुळें किती तरी घरांच्या भिंतींवर गवई आणि वादक बारा महिने नांदत राहिले.

पाश्चात्य पद्धतीच्या मोठ्या जलशांत रीत निराळी. तेथें रंगमंच आणि प्रेक्षकांना अडविणारा कठडा यांच्यामध्यें एक अरुंद गल्ली असते. बहुतेक ठिकाणीं छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांपुरताच तेथें प्रवेश मिळतो. झोत वापरावयाचा नाहीं, आणि तिसरें गाणें संपतांच बाहेर पडावयाचें. सुमारें दहाबारा मिनिटांत सारें काम उरकावें लागतें. ध्वनिक्षेपकांचे डोंगर अगदीं कानाशीं. शंभर डेसिबलचा आवाज दिवसांतून पंधरा मिनिटांहून अधिक कानांवर पडूं देऊं नये, असें अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेचें मान आहे. म्हणून शहाणा छायाचित्रकार कानांत बोळे घालूनच उभा राहतो. १९७९ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहांत ‘द क्लॅश’ या वाद्यवृंदांतील पॉल सिमोनन यानें रागाच्या भरांत आपलें गिटार जमिनीवर आपटलें, तो क्षण पेनी स्मिथ या बाईंनीं टिपला. चित्र पुसट आलें म्हणून तें वापरूं नये, असें त्यांचें स्वतःचें मत होतें. तेंच ‘लंडन कॉलिंग’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापलें गेलें आणि जगप्रसिद्ध झालें. रेखीवपणापेक्षां त्या क्षणाचा आवेग लोकांना अधिक मोलाचा वाटला.

आतां या कामाच्या मोबदल्याविषयीं. अनेकदां तो केवळ प्रवेशपत्राएवढाच असतो. रात्रीं जलसा संपल्यावर शेंकडों चित्रांतून दहा निवडून सकाळच्या आंत धाडावयाचीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीं निनांवीं छापलेलीं पाहावयाचीं, हा अनुभव या धंद्यांत सर्वसाधारण आहे. २०१५ सालीं टेलर स्विफ्ट या गायिकेच्या जलशांसाठीं छायाचित्रकारांपुढें ठेवलेल्या करारावर इंग्लंडांतील जेसन शेल्डन यांनीं जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला. चित्र एकदांच छापण्याची मुभा छायाचित्रकाराला, आणि प्रसिद्धीसाठीं तें वाटेल तेव्हां वापरण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याला, ही त्यांची तक्रार होती. पुढें त्या करारांत सुधारणा करण्यांत आली.

आपल्या देशांत १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा आहे. छायाचित्रकारानें स्वतः होऊन काढलेल्या चित्राचा पहिला धनी तोच; परंतु मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतलें, तर निराळा करार नसल्यास धनी मोबदला देणारा ठरतो. तेव्हां काम घेण्यापूर्वींच चार ओळी लिहून घेणें हिताचें. २०१२ सालच्या दुरुस्तीनें छायाचित्रावरील हक्काची मुदतहि चित्रकाराच्या किंवा ग्रंथकाराच्या हक्काप्रमाणें कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढें साठ वर्षें अशी झाली. एवढी मोठी मुदत कायद्यानें दिली; पण चित्राखालचें नांवच कापून टाकलें, तर तो हक्क सांगावयाचा कोणीं आणि कोणापाशीं?

गॉटलिब यांचीं चित्रें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें १९९५ सालीं विकत घेतलीं, आणि त्यांच्या इच्छेनुसार २०१० पासून तीं सर्वांना मोफत खुलीं झालीं. हक्क त्यांनीं आपखुषीनें सोडला. जो सोडावयाचा तो आधीं आपला असावा लागतो, आणि आपल्याकडे पुष्कळ छायाचित्रकारांच्या वांट्याला तेवढेंहि येत नाहीं. मैफलीची स्मरणिका काढणाऱ्या मंडळानें, दिवंगत गवयाचें चित्र छापणाऱ्या संपादकानें, किंवा तें चित्र मोबाईलवरून आप्तेष्टांना धाडणाऱ्या गृहस्थानें त्याखालीं तें काढणाराचें नांव राहूं द्यावें. नांव ठाऊक नसेल तर चौकशी करावी, आणि छापावयाचें असेल तर परवानगी मागावी. आणि पुढील वेळीं मंडपांत कोणी वांकून, पाऊल न वाजवितां रंगमंचासमोरून सरकतांना दिसला, तर कपाळाला आंठी घालण्यापूर्वीं हें आठवावें, कीं ज्या मैफलीला आपण आज बसलों आहों, ती आपल्या नातवंडांना बहुधा त्याच्याच डोळ्यांनीं दिसणार आहे.