औषध फुकट कशाला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी दुखण्याखुपण्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु घरात दुखणे आले की उशाशी जागते ती बाई, आणि पैसा कमी पडला की अंगावरचा दागिना उतरविते तीही बाईच. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

सर्वांच्या उपचाराचा खर्च सरकारने करावा की नाही, हा वाद जुना आहे. पैसा नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. इंग्लंडने १९४८ साली करांच्या पैशातून तशी व्यवस्था उभी केली.

“फुकट मिळाले की किंमत राहत नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. मीही म्हणत असे. वीस वर्षांपूर्वी आमच्या यजमानांचे हृदयाचे ऑपरेशन नागपूरला झाले. यजमान वाचले, पण धानाच्या दोन बांध्या विकाव्या लागल्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच बांध्यांत मी मजुरीने रोवणीला गेले. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या तोंडी आले नाही.

आता दिवस पालटले आहेत. राज्याच्या आरोग्य योजनेला २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२३ साली राज्याने रेशनकार्डाच्या रंगाची अट काढून सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचे ठरविले. ही सोय तेव्हा असती, तर आमच्या बांध्या वाचल्या असत्या.

तरीपण एक उणीव राहते. हे पैसे मिळतात ते मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारांना. रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. आपल्या भागातल्या सिकलसेलला तर वर्षानुवर्षे गोळ्या आणि तपासण्या लागतात. काहीजण म्हणतात, सरकारने खासगी दवाखान्यांचे बिल भरले म्हणजे झाले. मोठ्या ऑपरेशनला ते ठीक. पण सालेकसा-देवरीच्या जंगलातल्या गावी खासगी दवाखाना कोण काढणार? तेथे सरकारी आरोग्य केंद्रच हवे, आणि त्यात डॉक्टर व औषध दोन्ही हवीत.

पैसा कोठून आणावा, ही शंका रास्त आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा अडीच टक्के भाग सरकारने २०२५ पर्यंत आरोग्यावर खर्चावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात ठरले होते. तेवढा खर्च झाला नाही. आणि भगिनींनो, साबणाच्या वडीवरसुद्धा आपण कर भरतो. मग ते औषध फुकटचे कसे? त्याचे पैसे आपणच आधी दिलेले असतात.

म्हणून मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. प्रत्येकीने आपल्या शेजारणीचे कार्ड निघाले की नाही, ते पाहावे. आणि ग्रामसभेला चौघीजणींनी मिळून जाऊन विचारावे, आपल्या केंद्रात डॉक्टर किती दिवस बसतात, आणि कोणती औषधे संपली आहेत?