कोष्टकाची हाक, संगणकाचा जबाब

(पीपलरावां येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, छपाईसाठी थोडे आटोपशीर करून)



व्याख्यानमाला म्हटली की संतसाहित्य, मराठ्यांचा इतिहास, फार तर आरोग्य. यंदा संयोजकांनी एक्सेलच्या मॅक्रोला, म्हणजे एक्सेलकडून कामे आपोआप करून घेणाऱ्या छोट्या कोडाला, एक संध्याकाळ दिली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही कपाळांवर आठ्या उमटल्या असतील. पण आपल्या सोनकच्छ तहसिलीकडे पाहा. सोयाबीन आणि गहू घेणारा आढत्या, खत-बियाण्यांचा दुकानदार, शाळेतले बाबूजी, सगळ्यांचा हिशेब आज एक्सेलमध्ये आहे. एकदा हिशेब तिथे गेला की पुढची इच्छा आपोआप होते. शेतकऱ्याच्या नावावर क्लिक करावे आणि त्याची स्कॅन केलेली तोल-पर्ची समोर यावी. बटण दाबावे आणि दिवसाच्या हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर जावी. म्हणजे एक्सेलने स्वतःचे काम सोडून बाहेरच्या कोणाला तरी हाक मारावी. आजचा विषय एवढाच आहे: ही हाक कशी मारायची आणि कोणाला मारू द्यायची.

मला सांगायचे ते आधीच सांगून टाकतो. मॅक्रोतून बाहेरचा प्रोग्राम चालवणे म्हणजे काम दुसऱ्यावर सोपवणे. सोपवताना चार प्रश्नांची उत्तरे ठरलेली हवीत. कोणावर? कोणत्या शब्दांत? त्याचे होईपर्यंत थांबायचे की नाही? आणि झाले, हे कशावरून ओळखायचे? ही उत्तरे नसली तरी कोड चालतो. काम होतेच असे नाही.

पहिला प्रश्न समजायला देवासकरांना सोपे जावे. एकाच देवास शहरात थोरली पाती आणि धाकटी पाती असे पवारांचे दोन दरबार आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाले. एका पातीचा हुकूम दुसऱ्या पातीच्या हद्दीत परस्पर चालत नसे. संगणकातही एक्सेल आणि विंडोज असेच शेजारी नांदतात. खाने भरणे, बेरजा करणे, दुसरी एक्सेल फाईल उघडणे हे एक्सेलच्या हद्दीतले काम, त्याला वर्कबुक्स-ओपन पुरते. पीडीएफ, चित्र, नोटपॅड ही विंडोजची रयत. तिथे रीतसर निरोप पाठवावा लागतो.

१९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हीबीए ही भाषा आली. तिच्यात या निरोपासाठी शेल नावाचे फंक्शन आहे. नवशिक्या पहिली ठेच इथेच खातो. तो शेलला पर्चीच्या पीडीएफचा पत्ता देतो आणि पाच क्रमांकाची चूक पदरात घेतो. कारण शेल फक्त चालणारा प्रोग्राम चालवते. पीडीएफ चालत नाही, ती कोणीतरी उघडावी लागते. कोणी उघडायची ते विंडोजच्या नोंदीत असते, आणि शेल ती नोंद पाहत नाही. ती पाहणारे मार्ग वेगळे आहेत: एक्सेलचे स्वतःचे फॉलो-हायपरलिंक, किंवा विंडोजच्या डब्ल्यूस्क्रिप्ट-शेल या वस्तूचे रन. प्रोग्राम चालवायचा असेल तर शेल, कागद उघडायचा असेल तर हे दोन. एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

उरलेल्यांपैकी एक तक्रार मजेची आहे. ‘सर, नोटपॅड उघडतच नाही.’ जाऊन पाहावे तर खालच्या पट्टीत नोटपॅड सहा वेळा उघडून बसलेला असतो. शेलला खिडकी कशी हवी हे सांगितले नाही, तर ते प्रोग्राम आकसलेल्या रूपात सुरू करते. माणसाला वाटते काही झाले नाही, आणि तो पुन्हा बटण दाबतो.

आता दुसरा प्रश्न, शब्दांचा. पत्त्यात मोकळी जागा असली की विंडोज गोंधळते. प्रोग्राम फाइल्स या फोल्डरच्या नावातच ती जागा आहे. अवतरणचिन्हे घातली नाहीत, तर नाव कुठे संपते आणि सूचना कुठे सुरू होते ते विंडोजला अंदाजाने ठरवावे लागते. सी ड्राइव्हवर कोणी ‘प्रोग्राम’ नावाची चालणारी फाईल ठेवून दिली, तर तीच आधी चालू शकते. म्हणून पत्ता पूर्ण द्यावा आणि अवतरणात द्यावा.

याहून मोठा खड्डा आपल्या बाजारातल्या नावांत आहे. ‘अमुक अँड सन्स’ मधला ‘अँड’ आपण चिन्हाने लिहितो. मॅक्रोने फर्मचे नाव खान्यातून उचलले आणि अवतरणाशिवाय कमांडच्या काळ्या खिडकीकडे पाठवले, की ती खिडकी त्या चिन्हापाशी वाक्य तोडते. चिन्हापुढचा मजकूर तिला नवा हुकूम वाटतो. ‘सन्स’ नावाचा हुकूम नाही म्हणून तिथे नुसती चूक येते. पण त्या खान्यात दुसरे कोणी काही लिहू शकत असेल, तर तुमच्या संगणकाला हुकूम सोडण्याची सोय तुम्हीच त्याला करून दिली आहे. खान्यातला मजकूर थेट हुकमात कधी मिसळू नये.

आणि देवनागरी. फाईलला ‘सोयाबीन खरेदी’ असे सरळ नाव दिले की मॅक्रो अडतो. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. ही आपली चूक नाही. व्हीबीए युनिकोड सर्वत्र रुळण्याआधीच्या काळात घडले. त्या जुन्या पद्धतीत रशियन, ग्रीक, अरबी, थाई लिप्यांना विंडोजमध्ये आपापले सांकेतिक तक्ते होते. देवनागरीला तसा तक्ता मिळालाच नाही. विंडोज २००० मध्ये ती आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे मॉस्कोतला कारकून प्रदेशाची सेटिंग बदलून वेळ निभावतो, आपल्याला ती पळवाट नाही. शेल आणि फाईल शोधणारे डिर, दोघेही देवनागरी नावापुढे हात टेकतात. पण एक्सेलचा खाना युनिकोड जाणतो. म्हणून पत्ता कोडात लिहू नका, खान्यात लिहा. कोडाने तो तिथून वाचावा आणि डब्ल्यूस्क्रिप्ट-शेलच्या रनला द्यावा. फाईल आहे की नाही ते फाईल-सिस्टिम-ऑब्जेक्टला विचारावे. या दोघांना युनिकोड कळतो. आपल्या लिपीत फाईलींची नावे ठेवण्याचा हक्क मॅक्रोपायी सोडण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न थांबण्याचा. नुकसान सगळ्यांत जास्त इथे होते, कारण इथली चूक दिसत नाही. शेल प्रोग्राम सुरू करते, त्याचा क्रमांक हातात देते आणि लगेच पुढच्या ओळीवर जाते. प्रोग्रामचे काम संपले का, याच्याशी शेलला देणेघेणे नाही. समजा, काट्याच्या यंत्रातला दिवसाचा तोल उतरवून त्याची फाईल बनवणारा एक प्रोग्राम आहे. मॅक्रो तो शेलने सुरू करतो आणि पुढच्याच ओळीत ती फाईल उघडतो. प्रोग्रामला दहा सेकंद लागतात, मॅक्रो क्षणात तिथे पोहोचतो. फाईल नसती तर चूक आली असती आणि बरे झाले असते. पण फाईल असते, कालची. नाव तेच, रकाने तेच. आजच्या शेतकऱ्यांपुढे कालचे वजन लागते आणि संध्याकाळी बेरीज जुळत नाही.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करायचे. आधी जुनी फाईल काढून टाका किंवा दुसऱ्या नावाने ठेवा. मग प्रोग्राम शेलऐवजी रनने चालवा (रन प्रोग्रामही चालवते) आणि त्याच्या तिसऱ्या जागी ‘थांब’ असे सांगा. शेवटी नवी फाईल खरोखर आली का आणि तिची वेळ आत्ताची आहे का, ते पाहा. लिबरऑफिस वापरणाऱ्यांनी तिथल्या शेलची चौथी जागा पाहावी, थांबण्याची सोय तिच्यात आहे.

थांबण्यातही एक मेख आहे. प्रोग्रामची खिडकी लपवून वर थांबायलाही सांगितले, आणि त्या प्रोग्रामने आत एखादा प्रश्न विचारला, तर प्रश्न कोणाला दिसत नाही, उत्तर कोणी देत नाही आणि एक्सेल गोठून बसते. लपवायचा तो फक्त प्रश्न न विचारणारा प्रोग्राम.

चौथा प्रश्न, काम झाले की नाही. थांबायला सांगितलेले रन परत येताना एक आकडा आणते. रूढी अशी की शून्य म्हणजे सुखरूप आणि बाकी काहीही म्हणजे गडबड. हा आकडा पाहणारे मॅक्रो मला फार कमी दिसतात. ब्राउझरसारख्या प्रोग्रामांत मात्र त्यावर विसंबू नये. ते आधीच उघडे असतील तर नवा कागद उघड्या खिडकीकडे सोपवून लगेच परततात, आणि मॅक्रोला वाटते काम संपले.

इथवर आपल्या सोयीचे झाले. पण हाक मारण्याची ही ताकद चोरालाही तेवढीच सोयीची आहे. २६ मार्च १९९९ रोजी मेलिसा नावाचा विषाणू पसरला. तो वर्डच्या कागदातला एक छोटा मॅक्रो होता. कागद उघडला की तो आउटलुक या शेजारच्या प्रोग्रामला हाक मारी आणि पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत धाडी. मोठमोठ्या कंपन्यांना आपले ईमेल बंद ठेवावे लागले. पुढे इमोटेट नावाच्या घातक प्रोग्रामने हेच तंत्र वापरले. बिलासारख्या दिसणाऱ्या फाईलीतला मॅक्रो विंडोजच्या पॉवरशेलला हाक मारी आणि इंटरनेटवरून खरा चोर घरात आणी. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे जाळे तोडले, तरी त्याच वर्षी ते पुन्हा उभे राहिले.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. आता लाल पट्टी दिसते आणि ‘चालू करा’ असे बटणही नसते. फाईल बाहेरून आली हे कळते ते तिला चिकटलेल्या एका अदृश्य खुणेवरून. आपल्याकडे मात्र फाईल पेनड्राइव्हवरून फिरते. बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने आखलेले असतात तिच्यात ही खूण टिकत नाही. म्हणजे ईमेलवरून आलेली फाईल एका संगणकावरून पेनड्राइव्हने दुसऱ्यावर गेली, की ती घरचीच वाटू लागते. लाल पट्टी दिसली नाही म्हणून फाईल सुरक्षित, असे समजू नका.

मग मॅक्रो बंदच करावेत का? मला तसे वाटत नाही. घरच्या कामाचे मॅक्रो एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवा, तेवढाच फोल्डर एक्सेलला विश्वासाचा म्हणून सांगा, आणि तिथे डाउनलोडची फाईल कधी टाकू नका. मोठ्या कार्यालयांत ऑफिसच्या प्रोग्रामांना दुसरा कोणताही प्रोग्राम सुरू करू न देण्याचा नियम मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्ये लावता येतो. तो लावला असेल तर तुमचे शेल चालणार नाही. तेव्हा संगणक सांभाळणाऱ्याशी वाद घालू नका. त्याच्याकडे तुमची गरज लेखी द्या.

शेवटी, मॅक्रो लिहिणारा बहुधा घरातला पुतण्या किंवा भाचा असतो. तो नोकरीला इंदूरला जातो आणि फाईल इथे राहते. तो जाण्याआधी त्याच्याकडून फाईलीत एक वेगळे पान लिहून घ्या. हा मॅक्रो बाहेर कोणाला हाक मारतो, पत्ता कुठल्या खान्यात आहे, थांबतो की नाही, आणि काम झाले हे कशावरून ओळखतो. चार रकाने, आणि हाकेगणिक एक ओळ. हे पान पाहून घरातल्या दुसऱ्या माणसाला मॅक्रो काय करतो ते सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर त्या मॅक्रोला एक्सेलच्या हद्दीतच ठेवा.